साच्यांच्या कामासाठी कॅड-कॅम निवडताना

आपण जळगावच्या एमआयडीसीत ठिबकच्या फिटिंगचे साचे करणार आहात, तेव्हा कॅड-कॅम, म्हणजे संगणकावर मॉडेल काढून ते मशीनवर कापण्याचा मार्ग ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नावाआधी आपल्या मशीनचा कंट्रोलर, म्हणजे मशीन चालवणारा संगणक, पाहावा. तो फानुकचा असो वा सीमेन्सचा, त्याला जुळणारा पोस्ट-प्रोसेसर, म्हणजे टूलपाथचे (टूलच्या मार्गाचे) जी-कोड या मशीनच्या सूचनांत रूपांतर करणारा प्रोग्राम नसेल, तर स्क्रीनवर सुबक दिसणारा टूलपाथ प्रत्यक्षात निरुपयोगी ठरतो, आणि चुकीच्या जी-कोडने टूल जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या धातूत, घुसल्याचा आवाज मी एकदा ऐकला आहे. पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक थंड होताना साधारण १ ते २.५ टक्के आकसते. तेवढी वाढ मॉडेलला सहज देता यावी. ग्राहकाच्या स्टेप फाइलमध्ये (वेगवेगळ्या कॅडमध्ये उघडणाऱ्या मॉडेलच्या फाइलमध्ये) फीचरचा इतिहास, म्हणजे मॉडेल कोणत्या पायऱ्यांनी घडवले त्याची नोंद, बहुधा नसतो; तरीही मॉडेल बदलता यावे. सरावाला फ्रीकॅड हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. ऑटोडेस्क कंपनीच्या फ्यूजन या कॅड-कॅमची मोफत वैयक्तिक आवृत्ती मात्र व्यवसायासाठी नाही. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून आपलाच एक साचा आपल्याच मशीनवर कापून घ्यावा.