चाल जुनी, कडवं तुझं

प्रिय मित्रा,

मोर्चात शाहिरी गायचं ठरवलंस आणि विचारलंस, सत्तर वर्षांपूर्वीची गाणी आजच्या पोरांना भिडतील का? भिडतात, पण सगळी नाहीत. घोषणेला नुसती चाल लावलेली गाणी त्या त्या आंदोलनाबरोबर संपली. टिकली ती माणसाच्या घरातून सुरू झालेली.

शाहीर अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड, म्हणजे लावणीच्या वळणाचं गाणं, घे. ती वहीत ओळीओळीने उतरव आणि सीमाप्रश्न पहिल्यांदा येतो तिथे खूण कर. खूण बरीच खाली पडेल. आधी बायकोचं रूप आहे, दागिने आहेत, निघतानाची ताटातूट आहे. मग मुंबईतली श्रीमंती आणि कष्टकऱ्याचे हाल. बेळगाव, कारवार, निपाणी येतात ते शेवटाकडे. तोवर ऐकणाऱ्याच्या मनात विरह भरलेला असतो, त्यामुळे राज्याबाहेर राहिलेली गावं त्याला मैनेसारखीच दुरावलेली वाटतात. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं, बेळगावचा प्रश्न उरला, म्हणून गाणं उरलं असं म्हणता येईल. पण सीमाभाग कधी न पाहिलेला, पुण्यात डिलिव्हरीची कामं करणारा बीडचा मुलगाही पहिल्याच ओळीला थबकतो, ते का हे नीट बघ.

दुसरी गोष्ट साच्याची. तमाशाच्या गणात, म्हणजे सुरुवातीच्या गाण्यात, गणपतीला वंदन असतं. अण्णाभाऊंनी त्या जागी मायभूमी आणि शिवबा आणले. १९४४च्या लाल बावटा या कम्युनिस्ट कलापथकातले अण्णाभाऊ आणि त्यांचे साथी शाहीर अमर शेख, गवाणकर गात होते ते गिरणगावातल्या कामगारांपुढे, आणि त्या कामगारांच्या कानात तमाशाच्या चाली गावापासूनच होत्या. ओळखीची चाल असली की सगळं लक्ष शब्दांकडे जातं. तेव्हा नवी चाल बांधायच्या फंदात सुरुवातीला पडू नकोस. तुझ्या भागात गोंधळ चालतो, भारूड चालतं की भीमगीतं, ते आधी विचार. लोकांना जी चाल न शिकवता गुणगुणता येते, ती तुझी.

आता लिहायचं कसं. ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारं पालुपद, एकच ओळ किंवा फार तर दोन. एकदा ऐकून झीलकऱ्यांच्या, म्हणजे शाहिरामागे सूर धरणाऱ्या साथीदारांच्या, मागे गर्दीला म्हणता आलं पाहिजे. ती ओळ आ, ई, ए अशा लांबवता येणाऱ्या स्वरावर संपव, कारण उघड्यावर जोडाक्षरं विरून जातात. कडवं चार ओळींचं, प्रत्येकानंतर ध्रुपद. सलग दोन कडवी ध्रुपदाशिवाय गेली की मागची माणसं गप्पा मारायला लागतात. चौकात पाच कडव्यांपुढे जाऊ नकोस.

पहिल्या कडव्यात ‘भांडवलशाही’, ‘दडपशाही’, ‘शोषण’ आणू नकोस. नवशिके इथेच घसरतात; पत्रकातली भाषा उचलतात आणि गाणं पत्रकासारखंच दुर्लक्षित राहतं. सोयाबीनचं गाणं असेल तर आडत्याने दिलेली हिशेबाची पट्टी हातात घेऊन लिही: भाव किती लावला, हमाली-तोलाई किती कापली, हातात काय आलं. आकडा यमकात बसत नसेल तर यमक बदल, आकडा नको. सरकारचं किंवा मंत्र्याचं नाव चौथ्या कडव्यापर्यंत राखून ठेव. नाव आधी आलं की अर्धी गर्दी आपापल्या पक्षाप्रमाणे कान बंद करते.

जुनंच गाणं गायचं असेल, तर मूळ ओळी बदलू नकोस. मूळ गाऊन झाल्यावर आपलं कडवं जोड आणि ते आपलं आहे हे सांग. भीमगीतं लिहिणाऱ्या वामनदादा कर्डकांच्या ओळी ‘पारंपरिक’ म्हणून खपवणारे पुष्कळ आहेत; त्यात तुझी भर नको.

साथीला डफ, तुणतुणं आणि मंजिरी पुरे. झीलकरी किमान दोन, नाहीतर तुला श्वास घ्यायला जागाच मिळत नाही. कातडी डफ दमट हवेत उतरतो. निखाऱ्यावर लांबून फिरवत शेक, जवळ धरलास तर कातडं तडकतं. पावसाळ्यात फायबरचा डफ जवळ असू दे, आवाज जरा कोरडा येतो पण दगा देत नाही. हलगी असेल तर ती फक्त ध्रुपदावर वाजू दे. शब्दांवर वाजली की तुझं कडवं गेलंच! भाड्याच्या स्पीकरवर एको चालू असतो, तो आधी बंद करून घे. चालत्या मोर्चात फक्त ध्रुपद आणि छोट्या ओळी; पोवाडा मोर्चा थांबल्यावरच. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, तेव्हा शेवटचं गाणं बिनमाइकचं बसवून ठेव, आणि सुराची पट्टी त्या हिशेबाने निवड.

प्रत्येक कार्यक्रमानंतर वहीत चार गोष्टी टिपून ठेव: गाव, तारीख, चाल कुणाची, आणि लोक कुठल्या ओळीला पुढे सरकले. तीन-चार ठिकाणी गाऊनही ज्या कडव्याला कुणी हललं नाही, ते काढून टाक.

तुझा,
एक जुना झीलकरी