'फुकोज्' की 'फुकोडियन'? विचारवंताच्या नावावरून केलेली इंग्रजी विशेषणं

प्रश्न असा आला आहे: "इंग्रजीत प्रबंध लिहितो आहे. फ्रेंच विचारवंत मिशेल फुकोच्या नावावरून केलेलं विशेषण दोन स्पेलिंगांनी सापडतं, एकात 'डी', दुसऱ्यात 'टी'. बरोबर कोणतं? आणि 'फुकोज्'ऐवजी 'फुकोडियन' लिहिल्याने अर्थ बदलतो का?"

स्पेलिंगचं आधी उरकून घेऊ. दोन्ही रूपं छापली जातात, पण 'डी'वालं जास्त रूढ आहे, तेच घ्यावं. नावात 'एल-टी' असताना हा 'डी' आला कुठून? शेवटी 'एयूएलटी' लिहून नुसता 'ओ' उच्चारली जाणारी बरीच फ्रेंच नावं जुन्या जर्मॅनिक 'वाल्ड' (सत्ता) या शब्दावरून आलेली आहेत. 'रेनो' आणि इंग्रजीतलं 'रेजिनाल्ड' ही मुळात एकाच नावाची रूपं. विशेषणातला 'डी' म्हणजे त्या 'वाल्ड'मधला 'ड'. 'एल' लिहायचा, पण उच्चार सहसा 'फुकोडियन' असाच होतो.

सगळ्याच नावांचं असं ठरलेलं नाही. समाजशास्त्रज्ञ बूर्द्यूच्या विशेषणाची निदान तीन रूपं चालतात. मधे 'एस' असलेलं त्यातल्या त्यात रुळलेलं, कारण त्यामुळे स्वरांची गर्दी टळते. तत्त्वज्ञ देरिदाचं 'ईएएन'ने संपणारं रूप घ्यावं. तत्त्वज्ञ देकार्तचं 'कार्टेशियन' आणि नाटककार शॉचं 'शेव्हियन' ही लॅटिन वळणाच्या नावांवरून आली, म्हणून ती पाठच करावी लागतात.

खरा मुद्दा अर्थाचा आहे. षष्ठीचं रूप, म्हणजे अपॉस्ट्रॉफी-एसवालं 'फुकोज्', सांगतं की हे म्हणणं त्या माणसाचं स्वतःचं आहे आणि ते कुठे मांडलंय हे दाखवता येतं. 'फुकोडियन' सांगतं की हे त्याच्या वळणाचं आहे, त्याच्या विचारातून निघालेलं. भले ते दुसऱ्याच कुणी रचलेलं असो. गव्हर्नमेंटॅलिटी (लोकांचं वागणं वळवत राज्य चालवण्याची रीत) ही कल्पना त्याने १९७८ मध्ये पॅरिसच्या कोलेज द फ्रांस या संस्थेतल्या व्याख्यानांत मांडली, म्हणून तिथे 'फुकोज् कॉन्सेप्ट'. पण 'फुकोडियन डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस'ला 'फुकोज् डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस' केलंत तर चूक होईल. डिस्कोर्सचा, म्हणजे एखाद्या विषयावर बोलण्या-लिहिण्याच्या रूढ चौकटीचा, विचार त्याचा असला तरी पायऱ्यापायऱ्यांनी वापरायची ही संशोधनपद्धत नंतरच्या अभ्यासकांनी बसवली आहे.

प्रबंधांत नेहमी दिसणारी चूक म्हणजे 'फुकोडियन पॅनॉप्टिकॉन'. मधल्या मनोऱ्यातून सगळ्या कोठड्यांवर नजर ठेवता येईल अशा इमारतीची ही योजना इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथमच्या नावावर आहे. तिच्यावरचं पुस्तक १७९१ मध्ये छापलं गेलं. फुकोने तुरुंगांवरच्या १९७५ च्या पुस्तकात ती घेऊन शिस्त आणि सत्ता यांचं विवेचन केलं. तेव्हा 'बेंथम्स पॅनॉप्टिकॉन' आणि 'फुकोज् रीडिंग ऑफ द पॅनॉप्टिकॉन' लिहा. आजच्या सीसीटीव्हीवर कुणी त्या अंगाने लिहिलं, तर ते विवेचन खुशाल 'फुकोडियन'.

दुसरी चूक आपल्याकडे फार होते: 'द फुकोज् थिअरी'. नावाची षष्ठीच 'द'चं काम करते, तिच्याआधी 'द' लागत नाही. उलट विशेषण आलं की आर्टिकल बहुधा हवंच: 'अ फुकोडियन रीडिंग', 'द फुकोडियन नोशन ऑफ पॉवर'.

प्रत्यय बदलला की छटाही बदलते. 'मार्क्सियन' हे विश्लेषणाच्या चौकटीबद्दल, 'मार्क्सिस्ट' हे बांधिलकी आणि राजकारणाबद्दल, असा भेद विशेषतः अर्थशास्त्रात पाळतात. इतरत्र तो सैल आहे. साहित्यसमीक्षेत 'मार्क्सिस्ट'च चालतं. 'आइट' हा अनुयायांचा प्रत्यय, आणि तो पुष्कळदा विरोधक लावतात: रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्कीचे लोक स्वतःला 'ट्रॉट्स्कीइस्ट' म्हणवतात, 'ट्रॉट्स्कीआइट' त्यांना हिणवायला वापरतात. 'आंबेडकराइट'ला मात्र तो वास नाही. तो शब्द चळवळीने स्वतः अभिमानाने वापरला आहे, त्यामुळे 'आंबेडकराइट मूव्हमेंट', 'आंबेडकराइट पोएट्री' अगदी योग्य. पण जात म्हणजे बंदिस्त वर्ग, ही बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधातली व्याख्या सांगताना 'आंबेडकर्स डेफिनिशन'च लिहायला हवं. तिथे 'आंबेडकराइट' घातलं तर त्यांचं स्वतःचं संशोधन अनुयायांच्या खात्यावर जमा होतं. हे मराठी अभ्यासकांनी तरी होऊ देऊ नये.

विशेषण बरोबर निवडूनही वाक्य पोकळ राहू शकतं. नुसतं 'फुकोडियन फ्रेमवर्क' लिहिलं की परीक्षक विचारणारच, कोणता फुको? १९६९ च्या पुस्तकातली ज्ञानाची 'आर्किऑलॉजी' (कोणत्या काळात कशाला ज्ञान मानलं जातं, त्यामागच्या नियमांचा शोध), सत्तरच्या दशकातली सत्तेची 'जीनिऑलॉजी' (आजच्या प्रथा सत्तासंघर्षांतून कशा घडल्या याचा माग), की अखेरच्या वर्षांतला स्वतःला घडवण्याचा विचार? त्या प्रत्येकाची पद्धत वेगळी आहे. पहिल्यांदा विशेषण वापराल तिथेच संकल्पना आणि ग्रंथ सांगून टाका.

छपाईपूर्वी दोन गोष्टी तपासा. पहिलं अक्षर कॅपिटल हवं. 'प्लेटॉनिक' मैत्री किंवा गणितातला, आबेल या गणितज्ञाच्या नावावरचा 'अबेलियन' ग्रुप स्मॉल अक्षराने लिहिलेले सर्रास दिसतात, पण ते शब्द माणसापासून सुटून स्वतंत्र झाले आहेत. आणि एकच स्पेलिंग करायला 'फाइंड-रिप्लेस' लावाल तेव्हा 'रिप्लेस ऑल' दाबू नका. उद्धृतांत आणि ग्रंथसूचीतल्या शीर्षकांत मूळ लेखकाने 'टी' लिहिला असेल, तर तो 'टी'च राहिला पाहिजे.