वाचकांचे प्रश्न : धाक असताना करार कशाला?

प्रश्न : मी शिवाजी पेठेत राहणारा निवृत्त शिक्षक आहे. १९९८ च्या चाचण्यांनंतर भारत आणि पाकिस्तान या दोघांकडेही अणुबाँब असल्यामुळे आता मोठे युद्ध होणार नाही, असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. आपल्या कोल्हापुरात ‘नाद करायचा नाही’ म्हणतात, तसाच हा प्रकार आहे, असे मुलांना समजावत असे. धाकाने काम भागत असेल, तर शस्त्रनियंत्रणाचे करार कशासाठी?

उत्तर : गुरुजी, आपली उपमा नेमकी आहे, फक्त ती विचार करून पाऊल टाकणाऱ्यालाच लागू पडते. आपण हल्ला केला तर समोरचा उरलेल्या बाँबांनिशी आपली शहरे बेचिराख करील, हे ज्याला कळते तो हात आवरतो. ४ जानेवारी २००३ रोजी भारताने जाहीर केलेले धोरण याच हिशेबावर उभे आहे : अण्वस्त्राचा प्रथम वापर आपण करणार नाही, मात्र आपल्यावर अण्वस्त्रहल्ला झाल्यास प्रत्युत्तर प्रचंड असेल. आता या धाकाने काय साधले, हेही मोजूनमापून सांगितले पाहिजे. मे १९९८ मध्ये दोन्ही देशांनी चाचण्या केल्या आणि वर्ष उलटण्याच्या आत कारगिल घडले. म्हणजे धाकाने लढाई टळली नाही, पण ती एका पट्ट्यापुरती राहिली. आपल्या हवाई दलालाही नियंत्रण रेषा ओलांडू नये असाच आदेश होता.

यंत्राला मात्र धाक कळत नाही. २६ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत संघाच्या इशारा यंत्रणेने अमेरिकेतून पाच क्षेपणास्त्रे सुटल्याचे दाखवले. पाळीवर असलेले लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव यांनी विचार केला, की कोणी हल्ला करायचाच ठरवला तर पाचच क्षेपणास्त्रे कशाला पाठवील? त्यांनी वरिष्ठांना ‘यंत्रणेतला बिघाड’ असे कळवले आणि तो बिघाडच निघाला. ढगांवरून परावर्तित झालेल्या उन्हाला उपग्रह फसला होता.

आपल्या दारातले उदाहरण हवे असेल, तर ९ मार्च २०२२ ची संध्याकाळ आठवा. भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि काही मिनिटांत पाकिस्तानातील मियाँ चन्नू या गावाजवळ पडले. कोणाचा जीव गेला नाही, आणि पुढे चौकशीअंती हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. क्षेपणास्त्राची चाचणी घेण्यापूर्वी एकमेकांना कळवण्याचा करार या दोन देशांत २००५ पासून आहे, पण तो बॅलिस्टिक, म्हणजे उंच झेपावून खाली कोसळणाऱ्या क्षेपणास्त्रांपुरताच आहे. मियाँ चन्नूला पडले ते क्रूझ जातीचे, म्हणजे खालून विमानासारखे उडत जाणारे. चाचणी आणि अपघात या वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य करूनही, क्रूझ क्षेपणास्त्रांची कसलीच पूर्वसूचना द्यावी लागत नाही, ही त्या करारातली उणीव मला मोठी वाटते.

जे करार टिकले ते असे साधेसुधेच आहेत. ३१ डिसेंबर १९८८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या दर १ जानेवारीला एकमेकांना देतात, त्या केंद्रांवर हल्ला होऊ नये म्हणून. १९९२ पासून हा रिवाज चालू आहे. कारगिलनंतरच्या जानेवारीतही याद्या दिल्या गेल्या.

प्रश्न : आमची शिरोलीला फाउंड्री आहे. रिजेक्ट झालेले कास्टिंग आम्ही ग्राहकाच्या इन्स्पेक्टरसमोर फोडून पुन्हा भट्टीत टाकतो, नाहीतर तोच माल मागच्या दाराने बाजारात येईल अशी त्यांना शंका असते. क्षेपणास्त्रे नष्ट केली, असे एखादा देश म्हणतो तेव्हा दुसऱ्याने ते कशावरून मानायचे?

उत्तर : तुमच्या इन्स्पेक्टरसारखेच समोर उभे राहून. रेगन आणि गोर्बाचेव यांनी ८ डिसेंबर १९८७ रोजी केलेल्या करारानुसार ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची, जमिनीवरून डागायची २,६९२ क्षेपणास्त्रे मोडीत निघाली; त्यांतली १,८४६ सोव्हिएत होती, तर ८४६ अमेरिकी. काही कापली, काही जाळली, काही स्फोटाने उडवली, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या बाजूचे निरीक्षक हजर असत. त्याहून अवघड काम कारखान्याच्या फाटकावरचे होते. सोव्हिएत संघातल्या वोत्किन्स्क येथे जे लांब पल्ल्याचे क्षेपणास्त्र बनत होते, त्याचा पहिला टप्पा बंदी घातलेल्या एसएस-२० शी मिळताजुळता होता. म्हणून अमेरिकी निरीक्षक तेथे मुक्कामच ठोकून राहिले; बाहेर पडणाऱ्या मालाची मापे घेत, आणि पुढे क्ष-किरण यंत्रही बसवले गेले. सोव्हिएत निरीक्षक तसेच अमेरिकेत युटा राज्यातल्या मॅग्ना येथे बसले. ही फाटकावरची तपासणी २००१ पर्यंत चालली.

पण तुमच्या धंद्यातला माणूस लगेच विचारील तो मुद्दा येथे सांगितलाच पाहिजे : भट्टीत गेला तो सांगाडा. क्षेपणास्त्राच्या टोकावरचे अणुस्फोटक आणि दिशादर्शक यंत्रणा आधी काढून ठेवण्याची मुभा करारातच होती.

हा करार २०१९ मध्ये संपला. त्यानंतर अमेरिका आणि रशिया यांच्यात उरलेल्या ‘न्यू स्टार्ट’ करारात दोन्ही बाजूंना तैनात अण्वस्त्रांची मर्यादा १,५५० होती. त्याची प्रत्यक्ष तपासणी मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे थांबली ती पुन्हा सुरूच झाली नाही, आणि २०२३ मध्ये रशियाने आपला सहभाग स्थगित केला. कागदावरचा आकडा मानायचा, पण फाटकावर कोणी उभे नाही, अशी ती अवस्था होती.

प्रश्न : अमेरिका आणि रशियाच्या अध्यक्षांच्या टेबलावर खरोखरच लाल फोन असतो का? (एक विद्यार्थिनी, राजारामपुरी)

उत्तर : नाही. १९६२ मध्ये क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून उद्भवलेल्या पेचप्रसंगात दोघांचे एकेक पत्र पोहोचून उलगडायला काही वेळा बारा-बारा तास लागत होते, म्हणून २० जून १९६३ च्या समझोत्याने ‘हॉटलाइन’ आली. ती टेलिप्रिंटरची होती. बोलताना शब्द चुकीचा ऐकू येतो आणि घाईत उत्तर जाते. लेखी मजकुराचे भाषांतर करून विचारपूर्वक उत्तर देता येते. अमेरिकेकडून गेलेला पहिला चाचणी संदेश म्हणजे इंग्रजी टायपिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असलेले, सगळी मुळाक्षरे येणारे ते कोल्ह्याचे आणि आळशी कुत्र्याचे वाक्य होते.

भारत आणि पाकिस्तान यांच्या लष्करी कारवाई महासंचालकांमधली हॉटलाइन मात्र बोलण्याची आहे. १० मे २०२५ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या महासंचालकांनी आपल्या महासंचालकांना फोन केला, आणि संध्याकाळी ५ पासून गोळीबार थांबवायचे ठरले.