तुरुंगातून सुटलेला भाऊ झोपत नाही, बोलत नाही. मदत कुठे मिळेल?

तीन वर्षांनी सुटून आलेला माणूस रात्र रात्र जागतो, दाराशी आवाज झाला की दचकतो, साध्या गोष्टीलाही परवानगी मागतो. हा त्याचा हट्ट नाही. तिथे प्रत्येक तास दुसऱ्याने ठरवलेला असतो, ती सवय घरी आल्या आल्या जात नाही. त्याला लगेच कामाला जुंपू नका, आणि "आत काय झालं?" हे तर विचारूच नका. तो सांगेल तेव्हा ऐका.

पहिलं काम औषधांचं. आत मानसोपचाराच्या गोळ्या सुरू होत्या का, ते विचारा. असतील तर कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून उपचाराचे कागद मिळवा आणि गोळ्या संपायच्या आत जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. मध्येच खंड पडला तर त्रास उलटतो. पोलिसांना कळेल अशी भीती त्याला वाटत असेल, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, हे त्याला शांतपणे सांगा.

पूर्वी गर्दचं (ब्राउन शुगर, हेरॉइनचं) व्यसन असेल तर फार जपा. आत ते सुटलं असेल, तर शरीराची सहनशक्ती घटलेली असते. बाहेर येऊन जुन्याच प्रमाणात घेतलं तर जीव जाऊ शकतो.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. तुम्हीही करा फोन, घरच्यांसाठीही तो आहे. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९०पासून कैद्यांच्या पुनर्वसनाचं काम करतो. "जगून काय करू" असं तो बोलला, तर मात्र त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.