बीडच्या कोरडवाहू बांधावर वारा अडवायला सायबेरियन एल्म लावावा का?

लावू नका, त्याच कुळातली आपली वावळ लावा. एल्म काटक आहे हे खरं. उत्तर चीन, मंगोलियाकडचं हे झाड उणे 30 अंशांची थंडी आणि दुष्काळ दोन्ही सोसतं. चीनमध्ये त्याची कोवळी हिरवी फळं पिठात कालवून, वाफवून खातात. 1930 च्या दशकात अमेरिकेतही ते वारा अडवायला भरपूर लावलं. पण फांद्या ठिसूळ, वादळात मोडतात, आणि बी वाऱ्यावर उडून कुठंही रुजतं. आज तिथल्या बऱ्याच भागांत ते उपद्रवी झाड मानतात. शिवाय कडाक्याच्या थंडीत पानं गाळून विसावा घेणारं हे झाड, आपल्याकडं तशी थंडी पडतच नाही.

वावळ ओळखायची तर पान चुरगाळा, उग्र वास येतो. उन्हाळ्यात झाडाखाली पापडासारख्या पातळ, गोल चकत्या पडतात, मधोमध बी. आतला गर पोरं आवडीनं खातात. या चकत्या ताज्याच पेरा, बी जुनं झालं की उगवण घटते. पाऊस पडल्यावर रोपं बांधावर न्या. पहिले दोन उन्हाळे पाणी द्या आणि शेळ्यांपासून काट्यांचं कुंपण करा, कारण पाला जनावरं खातात. पुढं तोच पाला टंचाईत कामी येतो.

एक मात्र सांभाळा: वावळीच्या परागांची काहींना ॲलर्जी होते. घरात दम्याचं माणूस असेल तर वस्तीजवळ लावू नका.