हवेतला ढोल हाताला कसा लागेल?

प्रश्न : ताई, आम्ही तिघं इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत, लालबागला चाळीत राहतो. ढोल-ताशा पथकात नवीन आलेल्यांना रात्री घरी सराव करता येत नाही, शेजारी ओरडतात, म्हणून व्हीआरमधे (डोळ्यांवर हेडसेट लावून दिसणाऱ्या आभासी जगात) ढोल करायचा प्रोजेक्ट घेतलाय, क्वेस्ट 3 हेडसेट आणि युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर. ढोल दिसतो मस्त, पण हवेत हात मारल्यासारखं वाटतं, जोरात मारलं की काही ठोके वाजतच नाहीत आणि मिरवणूक पुढे सरकली की एकाला गरगरतं. काय करू?

उत्तर : आधी न वाजणारे ठोके घेऊ, ते सोपं आहे. युनिटीचं फिजिक्स, सेटिंग बदललं नसेल तर, दर 0.02 सेकंदाला टक्कर झाली का ते तपासतं, म्हणजे सेकंदाला 50 वेळा. टिपरूचं, म्हणजे ढोल वाजवायच्या काठीचं, टोक सेकंदाला 5 मीटर वेगाने आलं तर तेवढ्यात ते 10 सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं, एकदा पानाच्या, म्हणजे ढोलावरच्या ताणलेल्या पडद्याच्या, अलीकडे दिसतं आणि पुढच्या वेळेला थेट पलीकडे, मग ठोका लागला हे त्याला कळणार कसं! त्यामुळे दर फ्रेमला, म्हणजे हेडसेटमधल्या प्रत्येक नव्या चित्राला, टोक आधी कुठे होतं आणि आत्ता कुठे आहे ते बघा आणि मधली रेघ पानाला छेदते का तपासा. 90 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 90 चित्रं असताना, फ्रेम साधारण 11 मिलिसेकंदाची असते, तेवढं ठेक्याला चालून जातं. ब्लूटूथ इअरफोन मात्र अजिबात नको, आवाज मागे पडतो, वायरवालाच लावा.

आता हवेत मारल्यासारखं वाटण्याचं. खरं पान टिपरूला अडवतं आणि परत उसळवतं, वादकाचं मनगट त्या उसळीवरच चालतं, हातात धरायच्या कंट्रोलरची थरथर ते देऊ शकत नाही. एक उपाय असा की खरा हात खाली गेला तरी दिसणारं टिपरू पानावरच थांबवायचं, डोळ्यांना थांबलेलं दिसलं की हातालाही थोडंफार पटतं. खेळ म्हणून हे चालेल, पण तुम्हाला नवशिक्यांना तयार करायचंय ना, मग उसळीशिवाय लागलेली सवय पथकात गेल्यावर मोडून काढावी लागेल आणि ते मला पटत नाही.

म्हणून माझं ऐका, ढोल खराच कमरेला बांधा. पथकातला एखादा जुना मागा, आत गोधड्या कोंबा, पानांवर रबराची शीट टाका, आवाज बराच बसतो आणि उसळी थोडी राहते. लॅमिंग्टन रोडला पिझो डिस्क (ठोका बसला की विजेचा सिग्नल देणाऱ्या चकत्या) अगदी स्वस्तात मिळतात, दोन्ही पानांना एकेक चिकटवा, ठोका कधी आणि किती जोरात पडला ते त्याच सांगतील, वरची रेघेची भानगडही लागणार नाही आणि डाव्या हाताची थापही पकडली जाईल. एक कंट्रोलर ढोलाच्या वरच्या अंगाला, हेडसेटच्या कॅमेऱ्यांना दिसेल असा बांधा म्हणजे चित्रातला ढोल खऱ्यासोबत हलेल. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात 2000 च्या आसपास असंच करून बघितलं होतं, व्हीआरमधे खोल खड्डा दाखवला आणि पायाखाली खरी दीड इंचाची फळी ठेवली, तर फळी असताना लोकांच्या हृदयाचे ठोके जास्त वाढले. खरी वस्तू एवढीशी असली तरी बाकीचं शरीर मानतं.

गरगरण्याचं कारण कानात आहे. डोळे सांगतात पुढे चाललोय आणि आतल्या कानातलं तोलाचं इंद्रिय सांगतं उभा आहे. तुमच्या खोलीत चालायला जागा नाहीये तर मिरवणूक चालवूच नका, चौकात थांबून वाजवतात तो प्रसंग घ्या, तिथे कोणाला सरकावंच लागत नाही.

आणि हवेत तरंगणारे मेन्यू, स्कोअरचे आकडे काढून टाका प्लीज. दोन्ही हात वाजवण्यात अडकलेत, बटण कोण दाबणार? पथकात ताशा ऐकून आणि पुढच्याचा हात बघून कळतं ना कधी उचलायचं, कधी थांबायचं, तोच तुमचा इंटरफेस. ताशाचा आवाज खऱ्या दिशेने येऊ द्या, शेजारचा वादक डोळ्याच्या कोपऱ्यात दिसू द्या. खाली ढोलाकडे बघायला लावू नका, हेडसेट अर्धा किलोच्या वर आहे, मान दुखते.

प्रश्न : मी दादरला मुलांना मल्लखांब शिकवतो. व्हीआरमधे मल्लखांब होऊ शकेल का?

उत्तर : करायला म्हणाल तर नाही सर. हेडसेटला डोकं आणि हात नीट कळतात, मांडीची पकड कळत नाही, आणि मल्लखांबात बराच खेळ तिथेच असतो. शिवाय मूल सरळ उभं आणि दृश्य उलटं झालं तर ओकारी येईल. पण चांगल्या खेळाडूची पकड सगळ्या बाजूंनी फिरून, सावकाश बघायला हे फार उपयोगी आहे, साध्या व्हिडिओत पाठीमागचा पाय दिसत नाही. तेवढंच करून बघा, आणि ते बघताना मुलांना खाली बसवा.