'इथिओपिक महासागर' आणि 'दक्षिण समुद्र' : जुन्या नकाशांवरील नावे मराठीत कशी लिहावीत?

प्रश्न असा आला आहे : अठराव्या शतकातील एका इंग्रजी जगनकाशावरील नावे मराठीत आणायची आहेत. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांच्यामधल्या पाण्यावर 'इथिओपिक ओशन' आणि अमेरिकेच्या पश्चिमेच्या पाण्यावर 'साउथ सी' असे छापलेले आहे. इथिओपिया तर आफ्रिकेच्या पूर्व अंगाला आहे. मग ही नकाशाकाराची चूक समजून आजची नावे लिहावीत, की 'इथिओपियन महासागर' आणि 'दक्षिण महासागर' असा सरळ अनुवाद करावा? जाता जाता 'हिंद महासागर' बरोबर की 'हिंदी महासागर', असेही विचारले आहे.

नकाशाकाराची चूक झालेली नाही आणि नकाशावर जुनीच नावे राहावीत, असे माझे मत आहे. मात्र सुचवलेले दोन्ही अनुवाद मला मान्य नाहीत, आणि त्यांची कारणे वेगवेगळी आहेत.

आधी इथिओपियाचे पाहू. 'ऐथिओप्स' या ग्रीक शब्दात 'जळणे' आणि 'चेहरा' या अर्थांचे दोन घटक आहेत; उन्हाने काळवंडलेल्या चेहऱ्याचा माणूस, असा त्याचा अर्थ. इजिप्तच्या दक्षिणेकडचा जेवढा प्रदेश ग्रीकांना ऐकून माहीत होता, तो सगळा त्यांच्या लेखी 'ऐथिओपिया' होता. पुढे युरोपीय नकाशांवर हा शब्द सहाराच्या दक्षिणेच्या आफ्रिकेसाठी, तिच्या पश्चिम किनाऱ्यासकट, वापरात राहिला. साहजिकच त्या किनाऱ्याला लागून असलेला समुद्र 'इथिओपिक' ठरला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हे नाव नकाशांवर दिसते. त्या काळी 'अटलांटिक' या नावाची व्याप्ती आजच्याइतकी नव्हती. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने हे नाव हेराक्लिसच्या खांबांपलीकडच्या, म्हणजे जिब्राल्टरबाहेरच्या समुद्रासाठी वापरले होते, आणि ॲटलास पर्वताजवळच्या पाण्याशी त्याचे नाते दीर्घकाळ टिकले. उत्तरेकडच्या पाण्याला कुठे 'पश्चिम महासागर' म्हणत, दक्षिणेकडच्या पाण्याला 'इथिओपिक'. 'अटलांटिक'ने ही शेजारची नावे हळूहळू गिळली.

म्हणून मराठीत 'इथिओपिक महासागर' असेच लिहावे. 'इथिओपियन' म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर आजचा देश उभा राहतो; 'इथिओपिक' हे थोडे अनोळखी रूप त्याला निदान क्षणभर थांबवते. इथिओपियाला जुन्या मराठीत 'हबसाण' म्हणत, म्हणून कोणाला 'हबशी समुद्र' लिहिण्याचा मोह होईल. तो आवरावा. दहाव्या शतकातील अरब लेखक अल-मसूदी याच्या लेखनात 'अल-बहर अल-हबशी' हे नाव येते आणि ते आपल्या हिंदी महासागराला उद्देशून आहे. शब्द अस्सल, पण नकाशा चुकीच्या बाजूला नेणारा!

'साउथ सी'ची गोष्ट निराळी आहे. सप्टेंबर १५१३ मध्ये वास्को नुन्येझ दे बाल्बोआ हा स्पॅनिश साहसी पनामाची संयोगभूमी ओलांडून गेला आणि पलीकडे दिसलेल्या पाण्याला त्याने 'मार देल सूर', म्हणजे दक्षिणेचा समुद्र, असे नाव दिले. अमेरिकेच्या पश्चिमेचा समुद्र दक्षिणेचा कसा, हा प्रश्न नकाशा जवळून पाहिला की सुटतो. दोन अमेरिका उत्तर-दक्षिण पसरलेल्या असल्या, तरी त्यांना जोडणारी ही चिंचोळी पट्टी आडवी, पूर्व-पश्चिम पडलेली आहे. तिच्या उत्तर काठावर कॅरिबियन आणि दक्षिण काठावर पॅसिफिक. ही वळणे इतकी फसवी आहेत की आज पनामा कालव्यातून अटलांटिककडून पॅसिफिककडे निघालेले जहाज आग्नेयेकडे जाते, आणि कालव्याचे पॅसिफिककडील तोंड अटलांटिककडील तोंडाच्या पूर्वेला आहे. बाल्बोआ दक्षिणेकडे चालत गेला होता आणि त्याने दिशा अचूक नोंदवली. मागे राहिलेला समुद्र मग आपोआप 'मार देल नोर्ते', उत्तरेचा समुद्र झाला. पुढे २८ नोव्हेंबर १५२० रोजी मॅगेलन हा दर्यावर्दी दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळच्या सामुद्रधुनीतून त्याच महासागरात शिरला. वाटेत मोठे वादळ न भेटल्याने 'पॅसिफिक' हे नाव आले आणि त्याचेच आपण 'प्रशांत' केले. तरीही 'साउथ सी' लगेच मागे पडले नाही. १७११ साली स्थापन झालेल्या आणि १७२० साली भागबाजार कोसळवणाऱ्या इंग्रज कंपनीच्या नावात हाच 'साउथ सी' आहे, आणि तिथे त्याचा रोख स्पॅनिश दक्षिण अमेरिकेच्या व्यापारावर होता.

याचा अनुवाद 'दक्षिण महासागर' केला, तर तो अंटार्क्टिकाभोवतीच्या महासागराचे आजचे नाव ठरतो. त्या नावालाही सुखाचे दिवस लाभलेले नाहीत : आंतरराष्ट्रीय जलालेखन संस्थेने समुद्रांच्या सीमांविषयीच्या १९३७ च्या आवृत्तीत ते दिले आणि १९५३ च्या आवृत्तीत गाळले; नॅशनल जिओग्राफिकने आपल्या नकाशांवर त्याला पाचव्या महासागराचे स्थान दिले ते २०२१ मध्ये. तेव्हा बाल्बोआच्या पाण्याला 'दक्षिण समुद्र' म्हणावे. 'मार देल नोर्ते'साठी मात्र 'उत्तर समुद्र' लिहू नये, कारण मराठी वाचक त्या नावाने ब्रिटन आणि नॉर्वे यांच्यामधला समुद्र ओळखतो. 'उत्तरेचा समुद्र' लिहिले की काम भागते. गंमत अशी, की त्या ब्रिटन-नॉर्वेमधल्या समुद्रालाच जुन्या नकाशांवर 'जर्मन महासागर' म्हटलेले असते. तो आकाराने महासागर नाही हे खरे, पण लॅटिन 'ओशानुस'चा जुना अर्थ भूमीला बाहेरून वेढणारे पाणी असा होता, त्यामुळे नकाशावर जो शब्द असेल त्याचेच भाषांतर करावे. आजच्या मोजमापाने त्याची बढती किंवा पदावनती करू नये.

सर्वांत मोठी फसगत तांबड्या समुद्राबाबत होते. पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविक-वर्णनात भडोच, सोपारा, कल्याण ही बंदरे 'एरिथ्रियन', म्हणजे तांबड्या, समुद्राच्या काठी येतात, कारण ग्रीकांच्या त्या नावात आजचा अरबी समुद्र आणि त्यापुढचे पाणीही सामावले होते. उलट आजच्या तांबड्या समुद्राला प्राचीन भूगोलकार टॉलेमी याच्या परंपरेतील नकाशे 'सिनुस अराबिकुस', अरबी आखात, म्हणतात. इथे केवळ भाषांतर पुरत नाही. जुन्या नावापुढे आजचे नाव कंसात द्यावेच लागते.

आता 'हिंदी महासागर'. हे रूप मराठीत पूर्ण शुद्ध आहे. 'हिंद महासागर' हा हिंदी भाषेतील प्रयोग आहे. हिंदी भाषेशी या विशेषणाचा संबंध नाही. स्वातंत्र्यपूर्व मराठीत 'हिंदी लोक', 'हिंदी संस्थाने' असे लिहीत, तेव्हा 'हिंदी' म्हणजे हिंदुस्थानचा. तो अर्थ रोजच्या वापरातून गेला आणि या नावात तेवढा उरला, अगदी 'इथिओपिक'मध्ये जुना इथिओपिया उरला तसा. 'हिंद' हा शब्द इराणी उच्चारातून 'सिंधु'पासून आला, आणि संस्कृतात 'सिंधु' म्हणजे नदी तसाच समुद्रही. आपल्या नकाशावर हे पाणी 'इंडियन ओशन' असे छापलेले असेल, तर तिथे निःशंकपणे 'हिंदी महासागर' लिहावे.